सतरा नंबरची स्लाइड

मे महिन्यात लॉ कॉलेज चौकातलं डांबर चपलेला चिकटायचं,
आणि आम्ही अकरा जण काळ्या पडद्यांआड
दगडांच्या आत डोकावत बसलेलो.
दोन्ही डोळे उघडे ठेवा, सर सांगायचे.
जमत कुणालाच नसे.
कूलरमधलं पाणी संपलेलं,
वाळ्याचा शिळा वास तेवढा येत राही.

सतरा नंबर मला ओळखता येईना.
मनसर, एवढं लेबलवर वाचता येत होतं,
पुढची शाई बाल्समसारखीच पिवळी.
बिनरंगी कण. क्वार्ट्झ, की फेल्डस्पार?
बेके रेषा शोधली. नळी वर, नळी खाली.
रेषा आत सरकली, मग बाहेर,
मग ती माझ्याच पापणीचा केस निघाली.

मागे शामराव धकाते उभे होते.
हुद्दा सेक्शन कटर. शिक्षण आठवी, पाचपावली.
घरी माग होता; तो विकला
त्या वर्षी इथे लागले.
ओल्या कार्बोरंडममध्ये, काचेवर,
दोन बोटांनी दगड दाबून
आठाचा आकडा काढत राहायचे दिवसभर,
दगडातून उजेड जाईस्तोवर.
तीस मायक्रॉन, असं पुस्तकात.
त्यांच्यापाशी मोजायला क्वार्ट्झ होतं:
"पिवळा दिसला त जाड हाय.
राखेवानी झाला का थांबायचं.
अजून दोन फेरे माराल
त मंग दगड नाही, नुसती काच उरते."

"काय दिसून राह्यलं, बाई?"
काही नाही, मी म्हटलं.
"मंग स्टेज फिरवा ना."

फिरवली.
एक कण किरमिजी होता, तो पिवळा झाला.
शेजारचा पिवळा होता, त्यात जांभळं उतरलं
वांग्याच्या देठाजवळ असतं तसं.
मी वहीत लिहिलं: बहुवर्णता, तीव्र. पीमाँटाइट?
त्यांनी वाकून पाहिलं, आणि म्हणाले,
"धूपछाव."
ताना एका रंगाचा, बाना दुसऱ्या.
लुगडं तेच, बाई चालली का रंग पालटते.
"माही माय इणे असं."

मी प्रश्नचिन्ह खोडलं.

मग वरचा निकॉल आत सरकवला.
क्षेत्र काळं झालं, आणि काळ्यातून
राखाडी पट्टे उभे, राखाडी पट्टे आडवे,
एकमेकांत शिरलेले, कडा धुरकट:
मायक्रोक्लीन. हे मला येत होतं.
धकाते डोळा काढेनात.
वीस वर्षं स्लाइडी केल्या त्यांनी,
पाहिल्या फक्त जाडीपुरत्या,
राख आली का, एवढंच.
स्टेजच्या कडेवरचं बोट
अंश-अंश फिरत होतं.

"हा एक कण उजळतच नाही. मेला काय?"

गार्नेट आहे, मी सांगितलं.
कोणत्याही दिशेने तो सारखाच,
उजेड जसा शिरला तसाच निघतो, न वळता,
म्हणून वरचा निकॉल त्याला अडवतो.

"सगळीकडून सारखा," ते म्हणाले,
"आन् म्हनून काळा."
थोडं हसले. पुन्हा एक पुरा फेरा फिरवून पाहिला,
माझ्यावर विश्वास नसल्यासारखा.

परीक्षेत सतरा आलीच नाही.
सीताबर्डीच्या टेकडीचा बेसाल्ट आला,
तो तर बिनभिंगाचाही ओळखला असता.

परवा इतवारीत
दुकानदाराने गादीवर एक पातळ उलगडलं,
किरमिजी, म्हटलं तर पिवळं.
मी पदराचं टोक चिमटीत धरून
कापड नव्वद अंशांत फिरवलं.
पुन्हा नव्वद.
"मॅडम, रंग जात नाही त्याचा," तो म्हणाला.
जातो, मी म्हटलं, आणि परत येतो.
त्याला कळलं नाही. त्याने अजून एक ट्यूबलाइट लावली.